वरवंडची ब्रँच

आमच्या ऑफिसातले ओव्हाळ सर दिवसभरात कितीतरी वेळा मोठ्यांदा विचारतात, "मी कुठं हाय?"

विचारतात ते कॉम्प्युटरला. सकाळी खुर्चीत बसले की पहिला प्रश्न हा. चहा पिऊन आले की पुन्हा. मध्येच शिंक आली तरी रुमाल खिशात कोंबता कोंबता, "थांबा थांबा, मी कुठं हाय?" नवीन माणूस दचकतो. दूध संघाचे एक साहेब एकदा आले होते, त्यांनी मला जिन्यापाशी गाठून हळूच विचारलं, "यांच्या घरी माहीत आहे का?" मी म्हटलं, "साहेब, काही झालेलं नाही. त्यांचं काम सुरू झालंय."

ऑफिस घोडनदीत, म्हणजे बाहेरच्या लोकांच्या शिरूरमध्ये, मार्केट यार्डाजवळ एका खताच्या दुकानाच्या वर. माणसं तीन. नाना हे मालक, ओव्हाळ सर प्रोग्राम लिहिणार आणि मी तो तपासणार. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे काम माझ्या स्वभावाला फार मानवलं आहे. गॅस बंद केला का हे बघायला एसटी स्टँडवरून घरी परत गेलेली बाई मी. ओव्हाळ सरांसारख्या माणसाशेजारी माझं टेबल लावलं, तेव्हापासून मी पित्ताच्या गोळ्या पर्समध्येच ठेवते.

आम्ही गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचा प्रोग्राम करतो. गवळी दूध घेऊन येतो, आपला कोड नंबर सांगतो, मशीन वजन करतं, फॅट बघतं, दर लावतं आणि स्पीकरवरून बोलतं: कोड नंबर अमुक, लिटर अमुक, फॅट अमुक. ती बोलणारी बाई मीच. बाहेरून कुणी आणायची नानांची तयारी नव्हती. त्यामुळे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बऱ्याच गावांत माझा चेहरा कुणी पाहिलेला नाही, पण आवाज म्हशीसुद्धा ओळखतात.

आता ब्रँच म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय ओव्हाळ सर कळायचे नाहीत. समजा, आमटीचं मोठं पातेलं शिजतंय आणि एकाला तिखट जास्त हवंय. सगळ्या पातेल्यात तिखट टाकलं तर घर उठेल. म्हणून थोडी आमटी छोट्या पातेल्यात काढायची आणि काय प्रयोग करायचे ते तिच्यावर करायचे. जमली तर मोठ्या पातेल्यात परत ओतायची. प्रोग्रामचंही तसंच. मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याची वेगळी प्रत काढून काम करायचं, ती ब्रँच. परत मूळ प्रोग्राममध्ये ओतायचं, ते मर्ज. जगभरातले लोक ब्रँच काढतात, काम झालं की मर्ज करतात आणि ब्रँच पुसून मोकळे होतात. ओव्हाळ सर नुसत्या काढतात.

प्रत्येक गावाची एक ब्रँच. का, तर त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. कासुर्डीच्या केंद्राचे सचिव म्हणाले, आमच्यात म्हशीवाल्यांचा मान आहे, स्क्रीनवर म्हैस गाईच्या वर दिसली पाहिजे. ओव्हाळ सरांनी ब्रँच काढली. न्हावऱ्याकडच्या एका केंद्रात दोन भाऊ बांधावरून भांडलेले, त्यांची नावं एकाखाली एक येता कामा नयेत. ओव्हाळ सरांनी ब्रँच काढली आणि दोघांच्या मध्ये तिसराच माणूस बसवला. एका गावात फॅट कमी लागलं की मशीन पिपाणी वाजवायचं, माणसाची चारचौघांत शोभा व्हायची. सचिव नुसते म्हणाले, "बघा, जरा बरं दिसत न्हाई." संध्याकाळपर्यंत तिथलं मशीन मुकं झालं.

शिवाय ब्रँचला पोटब्रँच. "कासुर्डी-म्हैस-वर", मग "कासुर्डी-म्हैस-वर-नवीन", मग "कासुर्डी-म्हैस-वर-पक्कं", आणि त्याच्याही पुढे "पक्कं-दोन". जुन्या पुसा म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं: "राहू द्या की मॅडम, भाकरी मागतीय का ती?"

हा माणूस मिसळ खायला बसला की रस्सा वेगळ्या वाटीत मागतो, कांदा वेगळा, फरसाण वेगळं. शेवटपर्यंत काही कशात घालत नाही. एक घास याचा, एक घोट त्याचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो सर, ओता की एकदाचं." तर म्हणाले, "एकदा ओतलं की परत काढता येत न्हाई." डबाही तसाच. आधी कोरडा भात खातात, मग आमटी पितात. पोटात गेल्यावर काय होतं हे विचारायचं मी टाळलं आहे.

एवढ्या ब्रँचा म्हटल्यावर आपण कुठल्या गावात बसून लिहितोय हे सतत बघावं लागतं. एकदा नाही बघितलं. एका गावासाठी केलेला बदल दुसऱ्याच गावाच्या ब्रँचमध्ये लिहून झाला आणि तिथं एका सकाळी गाईच्या दुधाला म्हशीचा दर लागला. गाईवाले खूश होते, पण नानांचा रक्तदाब वाढून त्यांना झोपवावं लागलं. तेव्हापासून "मी कुठं हाय?" सुरू झालं ते आजतागायत.

बाकी ओव्हाळ सरांविषयी आम्हाला फार माहिती नव्हती. वय चाळिशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. स्टँडच्या मागं एका खोलीत राहतात. गाव वरवंड, तिथं आई एकटी असते. एकाआड एक रविवारी मोटारसायकलवर न्हावरा, चौफुला करत जातात आणि सोमवारी सकाळी परत येतात. आईकडे फोन आहे, पण तिला डोळ्यांनी कमी दिसतं. हिरवं बटण दाबायला जाते आणि तांबडं दाबते. "रोज लावतो," ते मला एकदा म्हणाले होते, "रोज कट करती." मी हसले, तेही हसले.

यंदाच्या उन्हाळ्यात संघाने निरोप धाडला. नवा दरतक्ता पहिल्या तारखेपासून लागू होणार, आणि सगळ्या केंद्रांवर एकच प्रोग्राम पाहिजे. गावागणिक वेगळी तऱ्हा चालणार नाही. जमत नसेल तर सांगा, पुण्याची एक कंपनी तयार आहे. आमचं गिऱ्हाईक एकच, तो संघ. तो गेला तर खाली खताची पोती उचलायचं काम मिळतं का, एवढंच आम्हाला बघावं लागणार होतं.

नाना ओव्हाळ सरांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सगळ्या ब्रँचा एकात घ्या. एकही शिल्लक नको."

ओव्हाळ सर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. "समद्या?"

"सगळ्या."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मर्ज करताना दोन ब्रँचांत एकाच ओळीत दोन वेगळे बदल असले की कॉम्प्युटर अडून बसतो आणि विचारतो, यातलं कुठलं ठेवू? आमच्याकडे तर ओळीओळीला दोन गावं समोरासमोर. ओव्हाळ सर हैराण व्हायचे, पण अडचण त्यांना वेगळीच होती. एकाचं ठेवायचं म्हणजे दुसऱ्याचं पुसायचं. "त्यांनी एवढ्या भरवशानं सांगितलं व्हतं," असं म्हणून डोक्याला हात लावून बसायचे. शेवटी मार्ग निघाला. एक सेटिंगचं पान करायचं आणि कुठल्या गावाला काय हवं ते तिथं नोंदवायचं. म्हैस वर, कासुर्डीला. पिपाणी बंद, अमक्या गावाला. एकेक गाव आत येत गेलं. मी तपासत होते, गोळ्या खात होते, आणि रात्री स्वप्नात ते दोन भाऊ एकाखाली एक दिसून दचकून उठत होते.

शेवटच्या दिवशी दुपारी एकच ब्रँच उरली. वरवंड.

ती ओव्हाळ सर मुद्दाम मागं ठेवत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं की म्हणायचे, "वरवंड राहू द्या शेवटी. तिथलं मी बघतो." मग खिडकीशी जायचे, पाणी प्यायचे, परत येऊन दुसऱ्याच गावाचं काहीतरी उघडायचे. मला वाटलं, स्वतःच्या गावात चूक नको म्हणून घाबरत असतील. मी असते तर मीही घाबरले असते.

दुपारी ते चहाला खाली उतरले. संघाचे साहेब नानांना तासातासाला फोन करत होते. नाना पूर्वी स्वतः प्रोग्राम लिहायचे आणि ते दिवस त्यांच्या अंगातून अजून गेलेले नाहीत. ते ओव्हाळ सरांच्या खुर्चीत बसले आणि वरवंड मर्ज करून टाकलं. कॉम्प्युटर एका शब्दानं अडला नाही. "बघितलंस?" नाना मला म्हणाले. "उगाच घाबरवून सोडलं या माणसानं." आणि त्याच झपाट्यात नवा प्रोग्राम सगळ्या केंद्रांवर पाठवूनही दिला.

ओव्हाळ सर वर आले. पडदा बघितला. हातातला रुमाल तसाच राहिला.

"नाना, वरवंड घेतलं?"

"घेतलं. झालं की."

"आन् पाठवलं?"

"पाठवलं."

ते खाली बसले. मी पर्समधून पित्ताची गोळी काढली, कारण ओव्हाळ सर खुर्चीत बसून "मी कुठं हाय?" विचारत नाहीत, तेव्हा गोष्ट मोठी असते.

संध्याकाळी केंद्रं उघडली आणि पहिला फोन न्हावऱ्याकडून आला.

"मॅडम, तुमचा आवाज मधीच पुरुषी झालाय."

"म्हणजे?"

"आवो, आमच्यात सतरा नंबरला पैलवान हाय. मशीन त्याला आई म्हणतंय. वर म्हणतंय, पुढं पायरी हाय. आमच्यात पायरीच न्हाई."

तो ठेवते तोवर कासुर्डीचा आला. तिथं सतरा नंबरला माजी सरपंच. "भर रांगेत आई म्हणलं हो त्यांला. पोरं फिदीफिदी हसाया लागली. त्ये दूध तसंच ठिवून घरी गेलं." मग आणखी एक फोन. मग आणखी एक. सगळीकडे सतरा नंबर. एका गावात सतरा नंबरला एक म्हातारी होती. तिथले सचिव म्हणाले, ती जागची हलत नाही आणि विचारते आहे, हे कुणाचं पोरगं बोलतंय?

मी प्रोग्राम उघडला. आवाजाच्या फायलींमध्ये माझ्या सगळ्या आकड्यांच्या खाली एक वेगळी फाईल होती. स्पीकरवर लावली. ऑफिसभर ओव्हाळ सरांचा आवाज घुमला.

"आई, झालं तुझं. पुढं पायरी हाय. जपून उतर, घाई करू नगं."

नाना माझ्याकडे बघू लागले, मी ओव्हाळ सरांकडे. ते टेबलावरचा पेन सरळ करत होते.

चूक कशी झाली ते लगेच कळलं. वरवंडच्या ब्रँचमध्ये दुसरं गावच नव्हतं, त्यामुळे "हे फक्त वरवंडला" असं लिहायची कधी गरज पडली नव्हती. सतरा नंबर आला की हा आवाज लाव, एवढंच तिथं होतं. तेच आता सगळ्या गावांत गेलं होतं. बाकी प्रत्येक गावाची हौस ओव्हाळ सरांनी सेटिंगच्या पानावर नीट नोंदवली होती. ही एकच राहिली होती.

"तिला नीट दिसत न्हाई," ते पेनाकडे बघतच म्हणाले. "गेल्या साली केंद्राच्या पायरीवरनं पडली. मी म्हणलं, म्हस विकून टाकू. तर म्हणली, मग मी दिवसभर करू काय?"

तेवढ्यात संघाच्या साहेबांचा फोन. ते काय बोलत होते ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण नानांचा चेहरा उतरत चाललेला दिसत होता. फोन ठेवून नाना म्हणाले, "आत्ताच्या आत्ता काढा. नाहीतर उद्या सकाळी पुण्याची कंपनी येतीय."

ओव्हाळ सरांनी स्वतः काढलं. सगळीकडून, वरवंडहूनही, कारण आता वरवंड वेगळं उरलंच नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते. म्हटलं, "सर, सेटिंगमध्ये घालून टाकू ना. फक्त वरवंड, फक्त सतरा. एका ओळीचं काम आहे."

"नगं मॅडम." त्यांनी मान हलवली. "बाकी समदं कुणी ना कुणी मागितलेलं हाय. हे कुणी मागितलेलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही लवकर आलो. नव्या दराची पहिली सकाळ. माझी नजर फोनवर. पण पावत्या बरोबर निघत होत्या. एकेक गाव ठीक असल्याचं कळवत होतं. साहेबांचाही फोन आला. "दर चोख लागलेत. ते आईचं तेवढं काढलंत ना?" नाना म्हणाले, काढलं. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि ओव्हाळ सरांना खाली पोहे आणायला धाडलं.

ते जिना उतरले आणि वरवंडच्या सचिवांचा फोन आला.

"ओव्हाळ सर हायत का? त्यांच्या आई हितं ओट्यावर बसून हायत. उठतच न्हाईत."

"पडल्या का?" माझा आवाज चढला, तसे नाना उठून फोनला कान लावून उभे राहिले.

"न्हाई न्हाई, पडल्या न्हाईत. आज मशीन सरांच्या आवाजात बोललं न्हाई ना. म्हणत्यात, माझ्या पोराला कायतरी झालंय."

मी म्हटलं, "अहो, सर अगदी ठीक आहेत, तसं सांगा त्यांना."

"सांगितलं. म्हणत्यात, मग बोलला का न्हाई? मॅडम, आज्जीला वाटतं, त्ये रोज सकाळी उठून तिकडनं बोलत्यात. आम्ही लई येळा सांगितलं, रेकॉर्ड हाय म्हणून. तर म्हणत्यात, माझ्या पोराचा आवाज मला कळत न्हाई व्हय?" ते जरा थांबले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू का? तुमच्यापाशीच ठिवा. म्हस तर संक्रांतीपासनं आटलीय. आज्जी शेजारणीकडनं अर्धा लिटर घेत्यात आन् हितं आणून घालत्यात. सर गावाला आले की म्हणत्यात, धार काढून झाली. आम्ही गप घेतो. सरांना सांगायचं न्हाई, अशी शपथ घातलीय त्यांनी."

तेवढ्यात ओव्हाळ सर पोह्यांचा पुडा घेऊन आत आले. मी नुसता फोन पुढे केला.

पलीकडे सचिवांनी तो म्हातारीच्या कानाला लावला असणार. ती इतक्या मोठ्यांदा बोलत होती की मला आणि नानांना सगळं ऐकू येत होतं.

"बरा हायस का?"

"बरा हाय, आई."

"मग सकाळी बोलला का न्हाईस?"

ओव्हाळ सरांनी डोळे मिटले. "जरा झोप लागली व्हती."

"मग झोपायचं की. मी काय न्हाई म्हणती का? पण आधी सांगायचं. मी घाबरले ना."

"व्हय."

"आता उतरते. सांग."

ओव्हाळ सरांनी आमच्याकडे पाठ केली. "पुढं पायरी हाय," ते म्हणाले. "जपून उतर. घाई करू नगं."

फोन ठेवून त्यांनी पोह्यांचा पुडा नानांपुढे ठेवला. मग मी सहज विचारावं तसं विचारलं, "म्हैस दूध किती देते हो सर?"

"कमी झालंय आता. अर्धा लिटर." त्यांच्या चेहऱ्यावर जरासं कौतुक आलं. "पण सोडत न्हाई बघा म्हातारी. अर्धा का व्हईना, रोज घालून येती. हौसच हाय तिला डेअरीची."

मी नानांकडे बघितलं. सचिवांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. ते पुड्याची दोरी सोडत होते आणि गाठ त्यांना सुटत नव्हती.

"ओव्हाळ सर," मी म्हटलं, "वरवंडहून तक्रार आलीय. मशीन बोलत नाही म्हणे. संध्याकाळच्या दुधाआधी बोललं पाहिजे."

"कुणाची तक्रार?"

"गिऱ्हाइकाची. कोड नंबर सतरा."

ते नानांकडे बघू लागले. नानांनी मान वर केली नाही. "फक्त वरवंड, एवढं लिहायला विसरू नका," ते म्हणाले.

ओव्हाळ सर खुर्चीत बसले, पुन्हा उठले. "जुनाच आवाज घालू?"

"नवा करा. आणि जरा जास्त बोला. एवढंसं काय ते."

"जास्त काय बोलू?"

"काय खाल्लंत ते सांगा. आणि उद्या दुसरं काही खाल्लंत तर उद्या परत नवा करा. रोज करावा लागला तरी करा, तपासायला मी आहे."

ते फोन घेऊन बाहेर जिन्यावर गेले आणि दार ओढून घेतलं. खाली ट्रकमधून खताची पोती उतरत होती, त्यांचा आवाज थांबायची त्यांनी वाट बघितली. मग दाराआडून ऐकू आलं, "आई, झालं तुझं. आज पोहे आणलेत..." तिथंच थांबले. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. आत पुडा सुटला होता, पण नाना आणि मी पोह्यांना हात न लावता बसून राहिलो.